कासचा रोल, जतचा रोल

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला दहिवडी, आटपाडी, जत या पट्ट्यात पोचेपर्यंत तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सकाळी निघालेला माणूस एसटी बदलत बदलत दिवस मावळायच्या आत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत निसर्गाचे कृष्णधवल फोटो काढायचे म्हणजे या दोन्ही टोकांच्या उजेडाशी जमवून घ्यायचं.

म्हणून कोणी नव्यानं वन-ट्वेंटीचा कॅमेरा घेतला आणि मला विचारलं, "सर, कुठली फिल्म भरू?" तर मी आधी विचारतो, "जाणार कुठं?" त्याला वाटतं मी उत्तर टाळतोय. कंपनी, ग्रेन, शार्पनेस यांवर मुलं तासन्‌तास बोलतात, आणि त्यात वावगं काही नाही. पण आपण जिथं पुन्हापुन्हा जातो तिथला उजेड, तिथला हिरवा रंग आणि आपल्या घरी नळाला येणारं पाणी, या तीन गोष्टींवर माझी फिल्म ठरत गेली. कंपनीच्या जाहिरातीत यांतलं काहीच नसतं.

मी काम शिकलो मिरजेच्या एका स्टुडिओत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. लग्नाचे फोटो तेव्हा रंगीत व्हायला लागले होते, पण पासपोर्ट, शाळांचे ग्रुप, सरकारी कामं अजून कृष्णधवलच होती. निवडीचा प्रश्नच नव्हता. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची, ती भरायची. १९६० साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यातून १९६७ पासून उत्पादन सुरू झालं आणि परदेशी मालावर बंधनं असलेल्या त्या काळात आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओंचं काम तिच्यावर चाललं. इलफर्ड किंवा कोडॅकचा रोल हाती लागला तर मालक तो कपाटात जपून ठेवायचे.

त्या सक्तीनं माझं भलं केलं. एकच फिल्म वर्षानुवर्षं हाताळल्यामुळं तिची नस कळली. डेव्हलपरही आम्हीच बनवायचो: एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. हे डी-७६चं सूत्र, १९२७ सालापासूनचं. मिरजेत दवाखाने मुबलक, एक्स-रे विभागांना फिल्म पक्की करणारा हायपो लागायचा, त्यामुळं तो गावातच मिळे. वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नाही, असा मालकांचा दंडक होता. विटा-खानापूर भागातली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. त्यांच्यातलेच एक जण अधूनमधून येऊन हायपोचे कॅन घेऊन जायचे. फिल्मच्या ज्या भागाला उजेड लागलेला नसतो तिथली चांदी हायपोत उतरते, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. मालक मात्र एकच गोष्ट बजावायचे: "लेका, सावलीत काय दिसायला पाहिजे ते आधी ठरव, मग बटण दाब." पुढं मी अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सची झोन सिस्टिम वाचली तेव्हा मुळातली गोष्ट ओळखीची निघाली. एक्स्पोजर सावलीसाठी द्यायचं आणि डेव्हलपिंग उजेडासाठी करायचं.

सुटीच्या दिवशी मालक स्टुडिओतली जुनी याशिका-मॅट, वन-ट्वेंटीचा ट्विन-लेन्स कॅमेरा, मला नेऊ द्यायचे. तिच्यावर मी डोंगर, झाडं, पाणी यांचे फोटो काढायला लागलो आणि त्यातून आजवर सुटलो नाही.

वन-ट्वेंटीची फिल्म निवडताना ३५ एमएमचा हिशेब डोक्यातून काढावा लागतो. तिकडची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, आणि याशिकाची चौकोनी फ्रेम ५६ बाय ५६ची. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. १६ इंची चौकोनी प्रिंटसाठी वन-ट्वेंटीची निगेटिव्ह सव्वासात पट मोठी करावी लागते. तीच प्रिंट ३५ एमएमवरून काढायची तर सतरा पट. त्यामुळं ४०० आयएसओच्या फिल्मचा जो ग्रेन तिकडं डोळ्यात भरतो तो इथं दिसतही नाही. निसर्गासाठी नेहमी मंद फिल्मच घ्यायची, ५० नाहीतर १०० आयएसओची, हा सल्ला ३५ एमएमवाल्यांचा आहे. वन-ट्वेंटीवाल्यानं तो आहे तसा उचलला तर त्याचं नुकसान होतं.

कसं, ते चाळकेवाडीच्या पठारावर कळतं. पवनचक्क्या तिथं उगाच उभारलेल्या नाहीत. वारा क्षणभर थांबत नाही. पुढ्यात गवत आणि फुलं, मागं क्षितिजापर्यंत पठाराची कड, आणि दोन्ही स्वच्छ पाहिजेत तर ८० एमएमच्या लेन्सला एफ-१६ तरी ठेवावं लागतं. ढगाळ दिवशी १०० आयएसओच्या फिल्मवर तिथं १/१५ सेकंद मिळतो, पिवळा फिल्टर लावला की १/८. एवढ्या वेळात गवताचं पातं कुठल्या कुठं जातं. ४०० आयएसओची फिल्म असेल तर फिल्टर लावूनही १/३० मिळतो, आणि वाऱ्याच्या दोन झोतांच्या मधला क्षण पकडला तर फूल जागेवर राहतं. मंद फिल्मचा बारीक ग्रेन हललेल्या फुलाच्या काय कामाचा? तेव्हापासून पावसाळ्यात पश्चिमेला जाताना माझ्या पिशवीत इलफर्डची एचपी-५ प्लस असते. कोडॅकची ट्राय-एक्सही तितकीच भरवशाची. दोघींमधला फरक सांगणारी माणसं आहेत, पण धुक्यातल्या निगेटिव्हवर मला तो फारसा जाणवलेला नाही.

धुक्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बामणोली, वासोटा, कोयनेचं जंगल, लिंगमळा, या सगळीकडं जुलै-ऑगस्टमध्ये उजेड इतका सपाट असतो की निगेटिव्हवर सगळं एकाच करड्यात येतं. मीटर धुक्याच्या पांढऱ्यालाही मधला करडा समजतो, म्हणून मी त्याच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त देतो आणि रोल धुताना वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी वाढवतो. एचपी-५ प्लस हा ताण सोसते. धुकं तसंच मऊ राहतं आणि झाडांच्या फांद्या त्यातून वेगळ्या होतात.

कासचं पठार मात्र फिल्मपेक्षा फिल्टरचं ठिकाण आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आलं आणि सप्टेंबरात तिथं पाय ठेवायला जागा राहीनाशी झाली. सगळ्यांच्या हातात रंगीत फोटो. माझ्या ट्विन-लेन्समध्ये कृष्णधवल रोल आहे कळल्यावर लोक हळहळतात. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, निळसर सीतेची आसवं, पांढरे गेंद, हे सगळं सोडून करड्यात काय राहणार, असं त्यांना मनापासून वाटतं.

राहतं ते असं. फिल्टर न लावता तेरड्याचा फोटो काढला तर फूल आणि गवत दोन्ही जवळजवळ एकाच करड्यात येतात आणि सगळा सडा गवतात हरवतो. डोळ्याला रंगामुळं जो भेद दिसतो तो फिल्मला दिसत नाही. तिला फक्त कमी-जास्त उजेड कळतो. हिरवा फिल्टर लावला की गवत उजळतं आणि तेरडा गडद होतो. लाल लावला की उलट: फूल पांढरं आणि गवत काळं. लालनं गवत इतकं काळं होतं की पावसाळा उरत नाही, म्हणून मी नारिंगी वापरतो. त्यात गवत गडद राहतं, पण त्यातली पाती दिसतात, आणि तेरडा त्यावर उठून येतो. सोनकीला साधा पिवळा पुरतो. फूल पांढरं होतं, पाकळ्यांच्या रेषा टिकतात. सीतेच्या आसवांना यांतलं काहीच लावायचं नाही, कारण निळ्या-जांभळ्या रंगाला फिल्म मुळातच जास्त जागी असते आणि पिवळ्या काचेतून ती फुलं काळवंडतात. सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीचंही तेच.

म्हणजे एकाच चौकटीत सोनकी आणि सीतेची आसवं शेजारी असतील तर एकीचं भलं करताना दुसरीचं नुकसान होतं. कुठलं फूल महत्त्वाचं हे बटण दाबायच्या आधी ठरवावं लागतं. रंगीत फोटोत मी हे कधी ठरवलं नसतं. कासनं मला एका वेळी एका फुलाकडं बघायला शिकवलं, आणि हे मी फोटोग्राफीतल्या इतर कुठल्याही शिकवणीपेक्षा मोठं मानतो. तिथं जाल तर ट्रायपॉडचे पाय पायवाटेवरच ठेवा. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि सगळी फुलं त्याच्यावर जगतात.

आता दुसरं टोक. एप्रिलच्या सुमाराला जतच्या बाजूला माळावर कुसळी गवत वाळून पांढरट पिवळं झालेलं असतं. मधूनमधून काळा कातळ, एखादी बाभूळ, एखादा हिवर. ऊन वरून पडतं आणि गवतावरून परत उसळतं. अशाच एका माळावर मेंढरं चारणारे एक म्हातारबाबा बराच वेळ माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "पावनं, ह्यात रंग येत न्हाईत व्हय?" मी नाही म्हणालो. त्यांनी माळावर नजर फिरवली. "मग बरं हाय. हितं सावली तेवढी नीट काढा."

मालकांचंच वाक्य त्यांच्या तोंडून आलं. जतचा सगळा प्रश्न सावलीचा आहे. बाभळीखालच्या सावलीत आणि उन्हातल्या गवतात इतका फरक असतो की फिल्मनं दोन्ही धरावं म्हणजे तिची परीक्षाच. इथं मी पॅन-एफ प्लस वापरून पाहिली, कारण ऊन भरपूर आणि ५० आयएसओ पुरे. तिचा ग्रेन फारच बारीक, कातळाचा पोत असा येतो की बोट फिरवावंसं वाटतं. पण ती स्वभावानंच कडक आहे. उन्हाला अधिक पांढरं आणि सावलीला अधिक काळं करते. शिवाय टिपलेला फोटो ती फार काळ सांभाळत नाही, रोल लवकर धुवावा लागतो. सकाळी सातच्या आत किंवा दंडोबाच्या डोंगरावर संध्याकाळच्या उतरत्या उन्हात ती सुंदर काम करते. दुपारच्या जतला ती नको.

तिथं एफपी-४ प्लस. डब्यावर १२५ लिहिलेलं असतं. मी ती ६४ला धरतो आणि डेव्हलपिंगचा वेळ सुमारे वीस टक्क्यांनी कमी करतो. जास्त एक्स्पोजरनं सावली भरते, कमी डेव्हलपिंगनं गवत जळत नाही. नारिंगी फिल्टर इथं नको वाटतो. आकाश गडद करून नाट्य आणण्याचा मोह होतो खरा, पण उन्हाळ्यात जतचं आकाश फिकट असतं आणि ते फिकटच यायला हवं. वाईजवळ म्हसव्याचा जो प्रचंड वड आहे, त्याच्या पारंब्यांखालीही हीच रीत चालते.

धबधब्यांविषयी थोडक्यात. ठोसेघर, वजराई इथं लोक पाण्याचा पांढरा पडदा व्हावा म्हणून मोठं एक्स्पोजर देतात. मला अर्धा सेकंद पुरतो, त्यात पाण्याच्या धारा शिल्लक राहतात. पण कोयनेच्या दाट झाडीत, एफ-२२ला, मोठ्या वेळेशिवाय गत्यंतर नसतं. तिथं प्रत्येक फिल्म वेगळी वागते. मीटरनं १५ सेकंद सांगितले तर एफपी-४ प्लसला ३० द्यावे लागतात. फोमापॅन १०० या चेक फिल्मला तर तिच्या कंपनीच्याच तक्त्याप्रमाणं १० सेकंदांच्या जागी ८० लागतात. फुजीची अ‍ॅक्रॉस दोन मिनिटांपर्यंत काही वाढवूनच मागत नाही; जंगलातल्या अंधारासाठी तिच्या तोडीची दुसरी फिल्म मी पाहिलेली नाही.

फिल्म निवडताना पाण्याचा विचार फार कमी लोक करतात. तक्त्यांमधले सगळे आकडे २० अंश तापमानाचे. सांगलीत मे महिन्यात टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं. दर अंशाला साधारण दहा टक्के वेळ कमी करायचा हा ठोकताळा चोवीस-पंचविसापर्यंत चालतो. त्यापुढं वेळ इतका कमी होतो की टँकमध्ये द्रव ओततानाच असमान डेव्हलपिंग होतं, आणि फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडून ओरखडतं. बर्फ घालण्यापेक्षा मला माठ बरा वाटतो. कोरड्या उन्हाळ्यात नव्या माठातलं पाणी रात्री चोविसापर्यंत येतं आणि तिथंच टिकतं. एचपी-५ प्लसला आयडी-११ डेव्हलपर एकास एक पाण्यात घातल्यावर २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ला सुमारे ९. एवढ्यात काम आरामात होतं. टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या दाण्यांच्या फिल्म मात्र अंशभर किंवा अर्ध्या मिनिटाच्या फरकानंही बदलतात. त्यांचा ग्रेन अप्रतिम आहे, पण मी त्या डिसेंबर-जानेवारीसाठीच ठेवतो.

आणि बोअरचं पाणी. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत क्षार साचलेत, ते पाण्यात उतरतात आणि निगेटिव्ह वाळताना पांढरे ठिपके सोडतात. आकाशावर पडलेला असा ठिपका प्रिंटमध्ये लपत नाही. शेवटची धुवण मी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात देतो, दोन थेंब वेटिंग एजंट टाकून. गॅरेजच्या दुकानात ते कॅनमध्ये मिळतं. परदेशी पुस्तकांतून मंद फिल्मची स्तुती वाचून आलेल्या मुलाला मी आधी त्याच्या घरचं पाणी विचारतो ते यासाठी.

इतकं सगळं जमवून एका फिल्मवर हात बसावा, आणि ती बंद पडावी, असंही झालं. इंदू गेली. कोडॅकची प्लस-एक्स मला पूर्वेच्या माळासाठी फार आवडायची. २०११ला तिचं उत्पादन थांबलं. पुढच्याच वर्षी कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. अ‍ॅक्रॉस २०१८ला बंद झाली आणि २०१९ला अ‍ॅक्रॉस-२ म्हणून परत आली. इलफर्ड २००४मध्ये बुडता बुडता हारमन नावानं तगली.

याचा सगळ्यात मोठा धडा मला सागरेश्वरनं दिला. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, देवराष्ट्र्याशेजारी, हे सुमारे ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर झाडं लावून ते उभं राहिलं. मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याची ओळख आहे. तिथल्या एका उताराचा फोटो मी ठरावीक जागेवरून, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, त्याच फिल्टरनं काढत आलोय. झाडी कशी भरत गेली हे त्या निगेटिव्हवर नोंदवायचं होतं. प्लस-एक्स संपून एफपी-४ प्लस आली तेव्हा प्रिंट शेजारी लावल्यावर झाडीचा करडा निराळा दिसू लागला. आता हा फरक डोंगराचा की फिल्मचा? बघणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. माझ्याकडं प्लस-एक्सचे थोडे रोल शिल्लक होते, म्हणून मी एकाच दिवशी दोन्हींवर तोच उतार टिपला, आणि धुण्याचा वेळ थोडाथोडा बदलत एफपी-४ला प्लस-एक्सच्या जवळ आणलं. त्या जोडीमुळं आधीचे आणि नंतरचे फोटो एकमेकांशी बोलू शकतात. तेव्हापासून कुठलीही फिल्म संपायच्या आत तिच्या जागी येणारी दुसरी मी तपासून ठेवतो, आणि दोन्हींची नोंद वहीत असते.

नव्यानं सुरू करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे. पहिलं वर्षभर एचपी-५ प्लस ही एकच फिल्म भरा, पिवळा आणि नारिंगी हे दोनच फिल्टर ठेवा, आणि डेव्हलपरही एकच. पावसाळ्यात ती पश्चिमेला न्या, उन्हाळ्यात पूर्वेला. तिथं ती २००ला धरा आणि कमी धुवा. प्रत्येक फ्रेमची जागा, वेळ, एक्स्पोजर आणि धुताना पाण्याचं तापमान लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी पूर्वेसाठी एफपी-४ प्लस आणा. पॅन-एफ आणि टी-मॅक्सचा विचार त्यानंतर. रोल आता महाग आहे, एका रोलमध्ये फोटो बाराच, म्हणून वेगवेगळ्या फिल्म चाखत बसण्यात पैसे घालवू नका. आणि घरी रोल धुवायला जागा नसेल त्यांनी सांगलीत माझ्याकडं यावं. डार्करूम रात्री आठनंतर उघडी असते, माठ भरलेला असतो.